चौदावी सूचना

आमच्या ओटली गावातली रेल्वे एकोणीसशे पासष्ट साली बंद झाली. नुसती बंद नाही, रूळसुद्धा उखडून नेले. अशा गावात सेड्रिक ओल्डरॉइड नावाचा माणूस घरबसल्या इंजिनं विकत होता, हे परक्याला सांगितलं तर तो आधी हसायचा आणि मग पत्ता विचारायचा.

इंजिन म्हणजे तळहातावर मावेल एवढं. कोळशाच्या खाणीवर डबे ओढणारं एक बुटकं, जाडं ध्यान होतं, त्याची हुबेहूब छोटी प्रतिकृती. तीही तयार मिळायची नाही. खोक्यात दोन पितळी पत्रे असायचे, त्यांवर आम्लानं कोरलेले सुटे भाग, थोडे ओतीव नग आणि अकरा पानांची सूचनांची पुस्तिका. भाग करवतीनं सोडवायचे, घड्या घालायच्या, डाख देऊन जोडायचे, बोटं भाजून घ्यायची. दोन-तीन महिन्यांनी इंजिन उभं राहिलं तर राहिलं. ज्यांना घाई असते ती माणसं या वाटेला जात नाहीत. ज्यांच्या घरात संध्याकाळ सरता सरत नाही, ती जातात.

सेड्रिक आधी गावातल्या छपाईयंत्रांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. कारखाना बसला तेव्हा यानं घरी आणलेल्या टेबलावर हे इंजिन कागदावर काढलं, शेफील्डच्या एका कोरीवकामाच्या कारखान्यातून पत्रे करून घेतले आणि विकायला लागला. रेषा अशी काटेकोर की तिच्यात खोट काढायला जागा नाही. खोट होती ती पुस्तिकेत, चौदाव्या सूचनेत.

ती सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. पत्रा जिथं वाकवायचा तिथं त्यावर अर्ध्या जाडीपर्यंत एक रेघ कोरलेली असते. घडी घालताना रेघ आतल्या बाजूला ठेवायची, हे या कामातलं अ आ इ. चौदावी सूचना ड्रायव्हरच्या केबिनची होती, आणि तिथं सेड्रिकनं लिहिलं होतं, 'रेघ बाहेरच्या बाजूला ठेवा.' एका शब्दाची चूक. पण त्याप्रमाणे घडी घातली की केबिन उलटी वळायची, आणि ती परत सरळ करायला गेलं की रेघेवर टचकन तुटायची. मग बिचारा माणूस पुस्तिकेच्या शेवटच्या पानावरचा नंबर फिरवायचा.

पहिल्या वर्षी असे सहा फोन आले. सेड्रिक शरमेनं लाल झाला. प्रत्येकाला नवी केबिन फुकट पाठवली, सोबत हातानं लिहिलेलं माफीचं पत्र. त्याची बायको डोरीन म्हणाली, "एक शब्द तर बदलायचाय. खोडून टाक की."

"पुढच्या छपाईला बदलतो," सेड्रिक म्हणाला.

पुढची छपाई यायच्या आत डोरीन न्यूझीलंडला गेली. मुलीला मूल व्हायचं होतं, तीन महिन्यांसाठी म्हणून गेली. तिकडची हवा मानवली म्हणे. भांडण नाही, तंटा नाही, घटस्फोटाचं नाव नाही. नाताळला फोन करायची, लोकरीचे मोजे पाठवायची, आणि परत यायचा विषय दोघंही टाळायचे. मोज्यांनी भरलेला एक खण झाला, पण माणूस काही आलं नाही.

छपाईवाल्याकडे पुस्तिका द्यायच्या दिवशी सेड्रिक लाल पेन घेऊन बसला होता. चौदाव्या सूचनेवर पेन टेकवलं आणि फोन वाजला. ब्रिस्टलचा कुणी दंतवैद्य, केबिन मोडलेली. केबिनवरून गोष्ट त्याच्या बागेवर गेली, बागेवरून गुडघ्यावर, गुडघ्यावरून वारलेल्या कुत्र्यावर. पाऊण तास. फोन ठेवला तेव्हा सेड्रिकच्या लक्षात आलं की सोमवारपासून आपण आज पहिल्यांदा तोंड उघडलं. आणि तो शुक्रवार होता.

त्यानं पेनला टोपण लावलं आणि पुस्तिका होती तशी छापायला दिली.

मनाला त्यानं काय काय समजावलं असेल ते असेल. केबिन तर फुकटच देतो, कुणाचं नुकसान नाही, वगैरे. माणूस स्वतःचा वकील झाला की खटला हरत नाही. पण शेफील्डला ऑर्डर देताना तो वीस इंजिनांच्या पत्र्यांबरोबर वीस सुट्या केबिनी मागवायचा, आणि तिथला माणूस विचारायचा, "काय हो, तुमच्या इंजिनाला दोन-दोन केबिनी असतात का?" तेव्हा मात्र सेड्रिकला त्याच्या नजरेला नजर देता यायची नाही.

आता, आमच्याकडे कारणाशिवाय फोन करायची रीत नाही. दाराची बेल वाजवायची तर हातात काहीतरी लागतं, परत द्यायची शिडी नाहीतर चुकून आलेलं पत्र. फोनचंही तसंच. 'सहज केला' म्हटलं की पलीकडचा घाबरतो, कोण गेलं म्हणून विचारतो. म्हणून मोडकी केबिन ही मोठी सोय होती. दोन परकी माणसं तिला धरून तासभर बोलू शकत होती आणि दोघांचीही अब्रू शाबूत राहत होती.

या सगळ्यांत हल बंदरातल्या लेनर्ड स्पिंकची तऱ्हा निराळी. त्याचा पहिला फोन शहाण्णव साली आला, रविवारी दुपारी चारला.

"मिस्टर ओल्डरॉइड का? तुमची केबिन माझ्या हातून मेली."

"चौदावी सूचना," सेड्रिक म्हणाला. "चूक माझी आहे. दुसरी पाठवतो."

"तुमची कसली? माझे हातच तसे. सगळा जन्म मासेमारीच्या बोटींवर दोर ओढण्यात गेला. नाजूक काम आपल्याच्यानं होत नाही बघा."

चार महिन्यांनी तोच फोन, तीच वेळ. केबिन परत मोडली होती. मग तिसरी. मधल्या रविवारी काहीतरी बारीकसारीक शंका: डाख वितळत नाही, चाकं अडतात, धुराड्याची उंची बरोबर आहे का. प्रत्येक वेळी आधी इंजिन, मग हवा, मग हेरिंग मासा कसा तळावा, मग जगातलं काहीही. सेड्रिकला हळूहळू कळलं की स्पिंकनं लग्न केलं नाही, त्याला चहात तीन चमचे साखर लागते आणि त्याला समुद्राचा वास आवडत नाही. बोटींवरच्या माणसाला समुद्राचा वास का आवडू नये, हे काही सेड्रिकनं विचारलं नाही.

सातव्या केबिनीच्या वेळी तो म्हणाला, "स्पिंकसाहेब, हात आहेत की कुऱ्हाडी? रेघ आत ठेवा म्हणून सहा वेळा सांगितलं."

"ऐकू आलं होतं. पण घडी घालायला बसलो की तुमचं पुस्तक समोर असतं ना. छापलेल्यावर विश्वास ठेवायची वाईट खोड आहे मला."

दोघं हसले. आठ वर्षांत ते एकमेकांना एकदाही भेटले नाहीत. लीड्सपर्यंत बस, तिथून हलला तासाभराची गाडी. एवढं अंतर त्यांना कुणी ओलांडायला सांगितलं नाही, आणि आपण होऊन ओलांडायचं कारण दोघांकडे नव्हतं.

दोन हजार चार सालच्या फेब्रुवारीत एका रविवारी फोन वाजला नाही.

पहिल्या रविवारी सेड्रिकला वाटलं, सर्दी झाली असेल. दुसऱ्या रविवारी त्यानं रिसीव्हर उचलून आवाज येतोय का बघितलं. तिसऱ्या रविवारी तो दुपारी दूध आणायला गेला नाही, काळा चहा प्यायला. पाचव्या रविवारपर्यंत त्याचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं. स्पिंकचा नंबर होता त्याच्याकडे, पार्सलच्या चिठ्ठीवर सात वेळा लिहिलेला. पण विचारायचं काय? दुकानदारानं गिऱ्हाइकाला फोन करून म्हणायचं काय, की केबिन मोडली नाही का अजून? एकदा त्यानं शेवटच्या आकड्यापर्यंत नंबर फिरवला आणि ठेवून दिला. आपल्या भित्रेपणाचा त्याला राग आला, पण रागानं बोट पुढं सरकलं नाही.

एप्रिल संपता संपता लीड्सला एका शाळेच्या हॉलमध्ये मॉडेल रेल्वेचं प्रदर्शन होतं. सेड्रिक दरवर्षी तिथं टेबल मांडायचा. या वर्षी त्याचा जीव टेबलावर नव्हता. हलच्या क्लबचे लोक येतात हे त्याला ठाऊक होतं. शेजारच्याला टेबल बघायला सांगून तो त्यांच्याकडे गेला, पण तोंडानं काही विचारायच्या आत त्याला ते इंजिन दिसलं.

जुन्या सामानाच्या टेबलावर होतं, बाकीच्या मोडक्यातोडक्या डब्यांमध्ये. त्याचंच बुटकं ध्यान. सेड्रिकनं उचललं, उजेडात धरलं. असं बांधलेलं इंजिन त्याच्या स्वतःच्या हातूनही कधी उतरलं नव्हतं. डाख कुठं लावलाय ते भिंग घेतलं तरी दिसलं नसतं. केबिनच्या कडा सुरीसारख्या सरळ. रेघ आत.

"घ्या घ्या, बघा हवं तेवढं," टेबलामागचा जाडगेला माणूस म्हणाला. छातीवर नाव लावलं होतं, बॅरी मॉ. "हे काम आता बघायला मिळत नाही."

"कुणी बांधलं?"

"आमच्या लेनर्ड स्पिंकनं. सत्त्याण्णव साली पहिलं बक्षीस होतं याला."

सेड्रिकला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "स्पिंक? बोटींवर दोर ओढायचे ते?"

बॅरी हसला. "लेनर्ड आणि बोटीवर? अहो, गोदीत नुसता पाय टाकला तरी त्याला मळमळायचं. जहाजांची होकायंत्रं दुरुस्त करायचा तो. चाळीस वर्षं. केसाएवढा काटा चिमट्यात धरून बसवणारा माणूस. हे घ्या, याबरोबर खोकंपण आहे. काय आहे देव जाणे, आम्ही तसंच आणलं."

बुटाचं खोकं होतं. आत सात तपकिरी पाकिटं, वरचा पत्ता सेड्रिकच्या अक्षरातला. प्रत्येक पाकीट सुरीनं नीट कापून उघडलेलं. आतलं पत्र घड्यांवर विरेपर्यंत वाचलेलं. आणि पत्रामागं केबिन, पाठवली तशी सपाट, एकही घडी न घातलेली.

सेड्रिकनं सातही पाकिटं बघितली.

"चौदाव्या सूचनेच्या केबिनी दिसतायत," बॅरी वाकून म्हणाला.

"तुम्हाला माहितीय चौदावी सूचना?"

"कुणाला माहीत नाही? ब्याण्णव साली मासिकात छापून आलं होतं, रेघ आत ठेवा म्हणून. ज्यानं ते इंजिन घेतलं त्याला कुणी ना कुणी सांगतंच." मग त्याची नजर सेड्रिकच्या छातीवरच्या नावावर गेली आणि त्याचा चेहरा पडला. "अरे देवा. तुम्हीच का ते?"

"मग मला फोन कोण करतं?" सेड्रिकनं विचारलं. "बारा वर्षं लोक फोन करतायत मला. केबिन मोडली म्हणून."

बॅरीनं उगाचच दोन डबे इकडचे तिकडे केले. "आता काय सांगू. ज्याला करायचा असतो तो करतो. आमच्यात म्हणायचेच, फार कंटाळा आला तर ओल्डरॉइडची केबिन मोडावी. चांगलं बोलतो म्हणे बाबा." मग हळू आवाजात म्हणाला, "वाईट अर्थानं नाही हां. तुम्ही राग मानू नका."

राग कुठला. त्या क्षणी सेड्रिकला आधी लाज वाटली आणि तिच्या पाठोपाठ भरून आलं. आपण गळ टाकून बसलो होतो अशी त्याची समजूत होती, आणि मासे बिचारे समजून उमजून येत होते. त्यानं विचारायचं तेच शेवटी विचारलं.

"गेले का ते?"

"नाही, नाही. फेब्रुवारीत झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. हेसलला वृद्धाश्रमात आहे. भाचीनं घर विकलं, खोलीत एक कपाट मावतं तेवढंच, म्हणून सामान क्लबला दिलं." बॅरीनं नाक शिंकरलं. "मी जातो दर बुधवारी. काय कळतं, काय नाही, सांगता येत नाही. पण रविवारी दुपारी फार त्रास देतो म्हणतात. खुर्चीत बसवलं तर ऐकत नाही, दाराकडे हात करतो. बाहेर व्हरांड्यात फोन आहे ना, तिकडे. त्यांना वाटतं त्याला फिरायला जायचंय."

सेड्रिकनं बॅरीकडून वृद्धाश्रमाचा नंबर लिहून घेतला. अकरा रविवार झाले होते. त्यानं मोजले होते.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. साडेतीनला सेड्रिक फोनशी बसला. आधी एका कागदावर कारणं लिहिली. तुमचं इंजिन विकायला आलंय, ते मी घेऊ का. खोकं परत पाठवू का. प्रत्येक ओळ लिहून खोडली, कारण उत्तर देऊ न शकणाऱ्या माणसाला प्रश्न विचारणं बरं नव्हे. चारला दोन मिनिटं कमी असताना त्यानं नंबर फिरवला, आणि या वेळी शेवटचा आकडाही फिरवला.

एका परिचारिकेनं उचलला. मारिसेल, असं तिनं नाव सांगितलं.

"मिस्टर स्पिंकशी बोलायचं होतं."

"ते बोलू शकत नाहीत हो. तुम्ही नातेवाईक का?"

"नाही. मी... ते माझं गिऱ्हाईक आहेत."

"मग कशाबद्दल होतं?"

जन्मभर ज्या प्रश्नाला तो भीत आला तो हाच. सेड्रिकनं समोरचा खोडाखोडीचा कागद बघितला.

"कशाबद्दल नाही," तो म्हणाला. "असाच केलाय. त्यांच्या कानाला लावाल का?"

चाकांच्या खुर्चीचा आवाज आला, मग सरकासरकी, मग श्वास. जड, एका बाजूनं फुसफुसणारा. सेड्रिकनं घसा साफ केला.

"मी ओल्डरॉइड. इथं पाऊस आहे. तुमच्याकडे वारं असेल." हवेची गोष्ट संपली. एरवी पुढचं स्पिंक बोलायचा. सेड्रिक थांबला, सवयीनं थांबला, आणि मग त्याला उमगलं की आता पुढचंही आपल्यालाच बोलायचंय.

"लेनर्ड," तो म्हणाला. आठ वर्षांत पहिल्यांदा. "लबाड आहात तुम्ही. इंजिन बघितलं मी तुमचं. काल दिवसभर हातातून खाली ठेवलं नाही. होकायंत्रवाले म्हणे. आणि मला दोर ओढल्याच्या गप्पा सांगता." श्वास जरा जोरात झाला. "पण मीही काही धुतलेला नाही. चौदावी सूचना चुकलीय हे मला पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. एक शब्द होता. मी तो बदलला नाही, कारण बदलला असता तर मला कुणी फोन केला नसता."

बोलून झालं. त्याला वाटलं आता फोन ठेवावा. तेवढ्यात मारिसेलचा आवाज आला.

"साहेब, हे रिसीव्हर सोडत नाहीयेत. डाव्या हातानं घट्ट धरलाय, मला देत नाहीत. तुम्ही अजून बोलता का जरा?"

"काय बोलू?"

"ते मी काय सांगणार? पण ऐकतायत ते."

मग सेड्रिक बोलला. डोरीन येणार नाही हे त्यानं पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं. सोमवार ते शनिवार या घरात माझ्या नावानं हाक मारणारं कुणी नाही, म्हणाला. या अकरा रविवारी इथं बसून राहिलो, नंबर फिरवून ठेवून दिला, मला लाज वाटली, माफ करा, म्हणाला. "मला फार एकटं वाटतं, लेनर्ड. तुमच्या फोनवर दिवस ढकलत होतो मी. आता मी करत जाईन. काही मोडलेलं नसलं तरी करीन." पलीकडून फक्त श्वास येत होता. त्याला उत्तर समजायचं की नुसता श्वास, हे सेड्रिकला कळेना, आणि कळायचा काही मार्गही नव्हता.

शेवटी मारिसेलनं रिसीव्हर सोडवून घेतला. "झोपायला लागले. दमले असतील."

"काही म्हणाले का?"

"साहेब, त्यांना बोलता येत नाही."

"हो. विसरलोच मी." सेड्रिकनं डोळे पुसले. "पुढच्या रविवारी पुन्हा करतो."

"चारला आमच्याकडे चहा असतो. साडेपाचच्या पुढं केलात तर बरं पडेल."

"नाही, चारलाच करीन," सेड्रिक म्हणाला. "चारला ते वाट बघत असतात."